प्रोसेसरची वारंवारता व विद्युत् दाब : कर्नल-ड्रायव्हरमधील क्रमाचा प्रश्न

प्रोसेसरची वारंवारता उतरविली म्हणजे विजेची बचत होते, हा समज अर्धाच खरा आहे. मंडलांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती वारंवारता आणि विद्युत् दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. केवळ वारंवारता निम्मी केल्यास शक्ती निम्मी होते. परंतु तेच काम पुरे व्हावयास दुप्पट वेळ लागत असल्याने त्या कामाची ऊर्जा होती तेवढीच राहते. गळतीचा प्रवाह तर अधिक काळ वाहतो. वारंवारता निम्मी करताना दाबही ०.८ पट केला, तर मात्र शक्ती ०.३२ पट आणि ऊर्जा ०.६४ पट होते. खरा लाभ दाबाचा होय. वारंवारता ही त्याची किंमत.

लिनक्स कर्नलमध्ये या कार्याचे दोन भाग केलेले आहेत. कोणती वारंवारता हवी हे ‘गव्हर्नर’ ठरवितो. ती प्रत्यक्षात आणणे ड्रायव्हरकडे असते. २०१६ साली आलेला ‘स्केडयुटिल’ हा गव्हर्नर शेड्युलरने मोजलेला भार घेऊन त्यावर पाव हिस्सा अधिक वारंवारता मागतो. चर्चा बहुधा गव्हर्नरचीच होते. वस्तुतः नाजूक काम ड्रायव्हरचे आहे.

प्रत्येक वारंवारतेस एक किमान दाब लागतो. तो न मिळाल्यास संकेत पुढील क्लॉक-स्पंदापूर्वी पोहोचत नाही आणि उत्तर चुकते; यंत्र बंद पडेलच असे नाही, ही यातील भयावह गोष्ट. म्हणून वर चढताना आधी दाब वाढवावयाचा, मग वारंवारता. उतरताना नेमके उलट. चढतेवेळी क्लॉक बदलण्यात अपयश आले, तर वाढविलेला दाब पूर्ववत् करावा लागतो. (इंटेलच्या अलीकडील प्रोसेसरांत ही जोडी हार्डवेअरच सांभाळते, स्वतंत्र विद्युत्-नियामक असलेल्या अनेक आर्म प्रणालींत ती ड्रायव्हरनेच सांभाळावयाची असते.)

हा केवळ काटकसरीचा प्रश्न नव्हे, हे २०१७ साली कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी ‘क्लकस्क्रू’ या प्रयोगाने दाखविले. नेक्सस ६ या फोनमध्ये वारंवारता व दाब यांची विसंगत जोडी मुद्दाम बसवून त्यांनी गणनेत दोष उत्पन्न केले आणि ट्रस्टझोन या संरक्षित विभागातील गुप्त किल्ली मिळविली. ड्रायव्हरच्या कोष्टकाबाहेरील जोडी नाकारणारी कोणतीही व्यवस्था त्या हार्डवेअरमध्ये नव्हती. २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ने इंटेलच्या एसजीएक्सवर हेच साधले, त्यानंतर इंटेलने दाब बदलण्याचा तो मार्ग बंद करण्याची सोय मायक्रोकोडद्वारे दिली.