स्पीकरचा अंगरखा

बालदोस्तांनो, गणपतीच्या मांडवात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात स्टेजच्या दोन्ही बाजूंना ठेवलेले स्पीकरचे काळे खोके तुम्ही पाहिलेच असतील. त्यांच्या अंगावरून कधी हात फिरवलाय? घोंगडीसारखं खरखरीत लागतं ना? ते असतं कार्पेट. जमिनीवर अंथरायची वस्तू या खोक्याने अंगात का बरं घातली? वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मे हात झटकन वर होतात. “आवाज चांगला येतो म्हणून, बाई!”

खरंच का? चला, पडताळून पाहू.

आधी खोका कशाला लागतो ते समजून घ्या. स्पीकरमधला शंकू पुढे-मागे थरथरतो. पुढे सरकताना तो पुढची हवा दाबतो आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे दोन लाटा निघतात, एकमेकींच्या अगदी उलट! सुटा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला, तर मागची लाट कडेने वळून पुढे येते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. ढोलाचा घुमारा गायब! अमेरिकेतल्या चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली आजच्यासारखा, हलत्या वेटोळ्याचा स्पीकर जगापुढे मांडला, तेव्हा हीच अडचण त्यांच्याही समोर होती. मागच्या लाटेला पुढे येऊ द्यायचं नाही, म्हणून खोका.

आता कार्पेटकडे वळू. थोडं गणित करायचं बरं का! आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. ढोलाच्या जाड आवाजात सेकंदाला १०० कंपनं धरली, तर एका लाटेची लांबी किती? ३४० भागिले १००, म्हणजे ३.४ मीटर. दोन माणसं डोक्याला पाय लावून झोपली, तर होईल एवढी! ३-४ मिलिमीटरचं कार्पेट तिला काय अडवणार? झांजेच्या किणकिणाटात १०,००० कंपनांचे बारीक स्वरही असतात. त्यांची लाट ३.४ सेंटिमीटरचीच. तिचा थोडासा भाग कार्पेट शोषून घेतं, एवढंच. आतल्या आवाजाचं घुमणं कमी करायला उशीत असतो तसा सिंथेटिक कापूस खोक्याच्या आत भरतात. कार्पेट तर बाहेर असतं!

मग ते लावायचं कशाला? खोका टिकावा म्हणून. टेंपोत चढ-उतार करताना प्लायवूडचे कोपरे फुटतात, कडा सोलतात, उघड्या कडेतून ओल शिरते आणि लाकूड फुगतं. शाळेत एकच खोका असेल आणि १५ ऑगस्टपासून सहलीपर्यंत सगळीकडे तोच जात असेल, तर त्याला अंगरखा हवाच. शिवाय घरी बनवलेल्या खोक्याचे वेडेवाकडे सांधे त्याखाली झाकले जातात, ही आणखी एक सोय.

हा अंगरखा शिवायचा नाही, चिकटवायचा. मागे रबर नसलेलं, फेल्टसारखं पातळ कार्पेट घ्या. समजा, खोका ४० सेंमी उंच, ३० सेंमी रुंद आणि २५ सेंमी खोल आहे. त्याला वेढा घालायला ४० + ३० + ४० + ३० = १४० सेंमी लांबी लागेल. जोडासाठी ५ सेंमी जास्त, म्हणजे १४५. रुंदी २५ सेंमी, अधिक पुढे-मागे दुमडायला ३-३, म्हणजे ३१ सेंमी. पुढची आणि मागची फळी आधीच काळी रंगवून वाळवून ठेवा. स्पीकर मात्र सगळ्यात शेवटी बसवायचा.

कारागीर यासाठी चपलांच्या सोल्यूशनसारखा उग्र वासाचा गोंद वापरतात. तो पटकन धरतो, पण त्याची वाफ नाकात जाणं वाईट आणि ठिणगी पडली तर भडका! आपण लाकडाचा पांढरा गोंदच घेऊ. वेळ लागतो, पण जिवाला घोर नाही.

पट्टीचा मध्य खोक्याच्या माथ्याच्या मध्यावर ठेवा. लाकडाला गोंदाचा पातळ हात द्या, कार्पेट तळव्याने सपाट करा आणि वर जाड वह्या-पुस्तकांचं वजन ठेवा. मध्ये जुना प्लास्टिकचा कागद घाला, नाहीतर पुस्तकंही चिकटतील! रात्रभर वाळू द्या. मग एक बाजू, मग दुसरी, शेवटी तळ. कार्पेट ताणू नका, ते नंतर आखडतं.

खरी गंमत तळाशी आहे. तिथे दोन्ही टोकं एकमेकांवर ५ सेंमी चढतात. त्या भागाला आत्ताच गोंद लावायचा नाही. वर स्टीलची पट्टी ठेवून दोन्ही थर एकाच फटक्यात कापायचे. वरचा आणि खालचा तुकडा काढून टाकला की टोकं अशी जुळतात, की जोड शोधावा लागतो! मग तिथे गोंद लावा. पात्याचं हे काम आई, बाबा किंवा दादाने करायचं, तुम्ही पट्टी घट्ट धरायची, पण बोटं पात्याच्या वाटेपासून लांब. शेवटी पुढच्या-मागच्या कडा दुमडताना चारही कोपऱ्यांवर ‘व्ही’सारखा काप घ्या, म्हणजे चुण्या पडणार नाहीत.

दोन गोष्टी विसरू नका. स्पीकरची कड कार्पेटवर नको, लाकडावर बसू द्या, कारण धाग्यांमधून हवा निसटते. आणि खोक्यात अ‍ॅम्प्लिफायरही असेल, तर त्याचा मागचा पत्रा उघडाच ठेवा. तो तापतो, त्याला वारा हवा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाची परीक्षा. कार्पेट लावण्याआधी एखादं गाणं वाजवा. मग स्पीकरचं तोंड उघडं ठेवून खोक्याभोवती गोधडी गुंडाळा आणि तेच गाणं, तेवढ्याच आवाजात वाजवा. वाजवणारा एक आणि डोळे मिटून ऐकणारे दुसरे, असं करा. गोधडी कधी होती ते किती जणांना ओळखता येतं, ते वहीत मांडा.

एवढं केलंत की आणखी एक गोष्ट आपोआप कळेल. बाहेरच्या कार्पेटमुळे शेजारच्या आजींना आवाज कमी जात नाही. आपल्या देशात २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली आहे. ती पाळायला कार्पेट कामाचं नाही. त्यासाठी आवाजाचं बटणच उलटं फिरवावं लागतं.