गुत्तेदाराच्या हातात पैसे देण्याआधी

दिवाळी झाली, सोयाबीनचे पैसे हातात आले, की आपल्याकडं घराची बोलणी सुरू होतात. कुणाचं माळवद गळतंय, कुणाची पोरगी मोठी झालीय आणि न्हाणीला धड दार नाही, कुणाला चुलीचा धूर नको झालाय. मग एक दिवस गुत्तेदार येतो, अंगणात उभा राहून इकडंतिकडं बघतो आणि म्हणतो, "होऊन जाईल वहिनी, काळजी करू नका." आज आम्ही बोलणार आहोत ते त्या दिवसाबद्दल. गुत्तेदार अंगणात यायच्या आधी काय करायचं आणि आल्यावर काय विचारायचं.

हे आम्हाला का बोलावंसं वाटलं, ते आधी सांगतो. आमच्या गटातल्या एका ताईनं सैंपाकघर आणि न्हाणी नव्यानं बांधायला गटाकडून कर्ज काढलं. गुत्तेदार ओळखीचाच होता. त्यानं पन्नास हजार उचल मागितली, हिनं दिली. चार दिवस माणसं आली, जुन्या सैंपाकघराची भिंत पाडली, पाया खणला आणि गेली. दुसऱ्या गावात मोठं काम मिळालं होतं म्हणे. ताईनं पुढचे आठ महिने ताडपत्रीखाली सैंपाक केला. त्यात एक अख्खा पावसाळा गेला. हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागला. गावातल्या चार माणसांना मध्ये घातलं, तर गुत्तेदार म्हणाला, "दिले तेवढ्या पैशाचं काम झालंय." कागद नव्हता, त्यामुळं त्याचं खोटं आहे हे दाखवता येईना. ताई आम्हाला म्हणाली, "माझं नाव घेऊ नका, पण सांगा. दुसरीचं असं व्हायला नको."

आधी जुनी भिंत बघा

आपला भाग लातूर-धाराशिवचा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यातल्या थोरल्या बायांनी पाहिलेली आहे. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. पुष्कळशी माणसं मेली ती स्वतःच्याच घराच्या भिंतीखाली आणि माळवदाखाली.

आपली जुनी दगडमातीची भिंत दोन फूट रुंद दिसते, पण ती एक नसते. आतला एक थर, बाहेरचा एक थर आणि मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड नसले, की हादऱ्यानं दोन्ही थर सुटतात. वर माळवदाची माती. गळतंय म्हणून दरवर्षी वर नवी माती टाकत गेलो, की तिचा थर वाढतच जातो. शंभर चौरस फुटांवर एक फूट माती म्हणजे एक ब्रास माती झाली. तिचं वजन चार ते पाच टन भरतं. एवढं ओझं डोक्यावर घेऊन आपण झोपतो.

म्हणून कुणी म्हणालं, "माळवद काढू आणि याच भिंतीवर स्लॅब टाकू," तर तिथंच थांबवा. पाच इंची स्लॅबसुद्धा शंभर चौरस फुटाला तीन टनांच्या आसपास जातो. वर हजार लिटरची पाण्याची टाकी ठेवली, की आणखी एक टन. मातीत रचलेल्या भिंतीवर हे ओझं टाकायचं नाही. स्लॅब पाहिजे असेल तर त्याला स्वतःचा पाया, स्वतःचे कॉलम आणि बीम पाहिजेत. ते परवडत नसेल तर माळवदाची जादा माती उतरवून पत्रा घालणं बरं. भिंतीला पोट आलंय का, कोपऱ्यात उभी भेग आहे का, ते बघा. असेल तर आधी तिचं काम, मग फरशीचं. अशा वेळी अभियंत्याला दाखवा आणि त्याची फी द्या. घरकुलाची कामं बघणारे अभियंते पंचायत समितीत असतात, त्यांनाही जाऊन विचारता येतं.

भूकंपानंतर सरकारनं घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा गावागावांतल्या महिला मंडळातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून काम दिलं होतं. आरपार दगड कुठं बसवायचा, पट्टा कशाला पाहिजे, हे त्या बायका शिकल्या आणि त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं. तेव्हा "बाईला बांधकामातलं काय कळतं" असं कुणी म्हणालं, तर एवढं सांगा, की आपल्याच भागातल्या बायकांना ते कळलं होतं.

मग अंगणात आखा

नवीन खोली कागदावर कळत नाही. फक्की घ्या आणि अंगणात खोली खरोखर तेवढीच आखा. दार कुठं, खिडकी कुठं, ओटा कुठं. मग त्यात बसून बघा. दळणाचा डबा कुठं राहील, सिलिंडर कुठं, दोघी जणी एका वेळी वावरतील का? सासूबाईंना, लेकीसुनांना बोलवा, त्यांनाही फिरून बघू द्या. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीनं ठरवू नका. उभं राहून हात कोपरात वाकवा, कोपरापासून चार बोटं खाली ओटा आला की कंबर दुखत नाही. धुरासाठी खिडकी चुलीजवळ आणि वारा यायला समोर दुसरी वाट. न्हाणीचं पाणी जाणार कुठं, हे पहिल्या दिवशीच ठरवा. शेजारणीच्या दारात सोडून चालत नाही.

त्यानंतर तीन याद्या करा. यंदा झालंच पाहिजे ते, पैसे उरले तर करायचं ते आणि पुढच्या वर्षीचं. जेवढा खर्च धराल, त्यात दर शंभराला दहा-पंधरा रुपये वेगळे ठेवा. जुनं घर उघडलं, की आत काहीतरी निघतंच. वाळवी लागलेलं लाकूड निघतं, पाया उथळ निघतो.

आणि काम कधी काढायचं? आपल्याकडं बरेच जण उन्हाळ्यात काढतात, पाऊस यायच्या आत उरकू म्हणून. पण बांधकामाला पाणी लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं प्यायला टँकर. मग भिंतीवर पाणी मारलं जात नाही आणि काम कच्चं राहतं. दिवाळी ते होळी हा काळ चांगला. विहिरीला पाणी असतं आणि ऊनही बेताचं.

माणूस कसा निवडायचा

एकाच्याच बोलण्यावर जाऊ नका. निदान तिघांना तीच यादी दाखवा आणि तिघांचा भाव घ्या. सगळ्यात कमी सांगेल त्याला आधी विचारा, "यात काय काय धरलं नाही?" मग त्यानं केलेली दोन घरं बघून या. नुकतंच झालेलं घर नको, एक पावसाळा खाल्लेलं घर बघा. आणि त्या घरातल्या बाईला विचारा. न्हाणीत पाणी साचतं का? गिलाव्याला भेगा गेल्या का? काही बिघडलं तेव्हा बोलावल्यावर माणूस आला का? आपल्याला जे पाहिजे ते तिच्या तोंडून पाच मिनिटांत कळतं.

काम मजुरीवर द्यायचं की मालासकट, हे ठरवा. मजुरीवर दिलं तर सिमेंट, खडी, वाळू, गज आपण आणायचे. दगदग जास्त, पण माल डोळ्यांदेखत येतो. मालासकट दिलं तर कुठल्या प्रतीचा माल, हे लिहून घ्यावं लागतं.

फुटावर भाव ठरला तर मोज कुठून कुठवर, हे पक्कं करा. आतून दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. तीच खोली नऊ इंची भिंती धरून बाहेरून मोजली, तर साडेअकरा बाय साडेतेरा, म्हणजे १५५ फूट. फुटाला दोनशे रुपये भाव धरला, तर सात हजारांचा फरक पडला. सज्जा मोजणार का, पायऱ्या मोजणार का, तेही विचारा. यात गुत्तेदार फसवतोच असं नाही. पण आधी बोललं नाही, की शेवटी भांडण ठरलेलं.

कागद आणि पैसे

कागद म्हणजे मोठं काही नाही. वहीच्या पानावर लिहिलं तरी चालेल, पण दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार पाहिजेत. काम काय काय, मोज किती, भाव किती, माल कुणाचा, सुरू कधी आणि संपवायचं कधी. राडारोडा कोण उचलणार, सेंट्रिंगचं भाडं कुणाकडं. मध्येच काही वाढवलं तर त्याचा भाव आधी ठरवून त्याच पानावर लिहायचा. दोन प्रती करायच्या, एक त्याला, एक आपल्याला.

पैशाची गोष्ट एकच लक्षात ठेवा. काम पुढं, पैसा मागं. समजा मजुरी साठ हजार ठरली. सुरुवातीला सहा हजार द्या, माणसं आणायला. पाया आणि जोतं झालं की बारा. दारा-खिडक्यांच्या वरपर्यंत भिंती आल्या की बारा. छत झालं की बारा. गिलावा आणि फरशी झाली की बारा. राहिलेले सहा हजार मात्र न्हाणीत पाणी ओतून, दारं लावून-उघडून बघून, महिनाभरानं द्यायचे. ताईनं हे असं केलं असतं, तर गुत्तेदार गेला तरी तिचे सहा हजारच गेले असते. दिलेल्या प्रत्येक रुपयाची तारीख वहीत आणि पुढं त्याची सही. जमलं तर पैसे बँकेतून किंवा फोनवरून द्या, म्हणजे नोंद राहते.

काम चालू असताना

सिमेंटच्या पोत्यावर कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या साली भरलं, ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका, आणि गुठळ्या झालेलं तर नकोच. गज घेताना आयएसआयची खूण बघा आणि वजन करून घ्या. बारा मीटरचा एक गज, बारा एमएमचा असला तर साडेदहा किलोच्या थोडा वर आणि आठ एमएमचा असला तर पावणेपाच किलोच्या आसपास भरतो. फार कमी भरला तर गज बारीक आहे.

कालवलेल्या मालात जास्त पाणी ओतू देऊ नका. पातळ माल पसरायला सोपा, पण वाळल्यावर ठिसूळ होतो. उलट, घट्ट झाल्यावर त्याला पाणी पाहिजे. भिंतीला, स्लॅबला निदान दहा दिवस पाणी मारा, ऊन कडक असेल तर चौदा. हे पाणी शेवटी आपल्यालाच वाहावं लागतं, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून ते कोण मारणार, तेही कागदावर लिहा. स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी साठवलं, तर फेऱ्या वाचतात. आणि स्लॅबखालचे टेकू घाईनं काढू देऊ नका. "दुसऱ्या कामाला फळ्या पाहिजेत," असं सांगतात. आपली पोरं त्या छताखाली झोपणार आहेत.

आणि घर कुणाचं?

काम काढायच्या आधी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन परवानगी घ्या. तिथं गेलाच आहात, तर नमुना आठचा उतारा काढून बघा. घरावर नाव कुणाचं आहे? नवरा-बायको दोघांच्या नावानं घराची नोंद करावी, असा निर्णय महाराष्ट्र शासनानं २००३ सालीच घेतलेला आहे. कर्ज आपल्या नावावर, हप्ता आपल्या नावावर, मग घरही आपल्या नावावर असायला हवं. त्यासाठी अर्ज करा.

आता ताईचं सांगून थांबतो. यंदा तिनं पुन्हा काम काढलं, दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रीकडं. तिनं वही पुढं केली तेव्हा मिस्त्री जरा नाराजीनं म्हणाले, "बाई, माझ्यावर विश्वास नाही का?" ताई म्हणाली, "भाऊ, विश्वास आहे म्हणून तर तुम्हाला बोलावलं. वही दोघांच्या आठवणीसाठी." मिस्त्रींनी सही केली. पुढं एकदा ताईच त्यांचा हप्ता द्यायला चुकली, तेव्हा त्यांनी तीच वही काढून दाखवली. गेल्या महिन्यात नव्या ओट्यावर पहिला चहा झाला, आम्ही सगळ्या गेलो होतो. ओटा बरोबर तिच्या कोपराखाली चार बोटं आहे.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. गटात यंदा कुणाला घराचं काम काढायचं आहे, ते विचारा. तिच्यासोबत दोघी जणी भाव ठरवायला जा, आणि साक्षीदार म्हणून सही करा. एकटीला बोलायला अवघड जातं, तिघी असल्या की जमतं. बरं, भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.