पाटाच्या उतारावरची झाडी काढणारा ट्रॅक्टर कटर : गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवताना हिशेब कुठे चुकतो?

आवर्तन सुटायच्या आधी पाटाच्या दोन्ही कडा मोकळ्या करायच्या, हे काम दरवर्षीचं. वेडी बाभूळ, घाणेरी, बेशरम, गाजरगवत आणि तळाशी पाणकणीस एवढं माजतं की पाणी पुढे सरकतच नाही. पाणी तुंबलं की पहिला फटका टेलच्या शेतकऱ्याला. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तरी उतारावर उभं राहून कोयता चालवायला कुणी धजत नाही. मग जेसीबी बोलावला जातो.

जेसीबीने काम लवकर उरकतं, पण बकेट झाडीबरोबर भरावाची मातीही खरवडून नेते. मुळं धरून बसलेलं बारीक गवत निघालं की पुढच्या पावसात त्याच जागी घळ पडते. भराव दरवर्षी थोडा थोडा पातळ होत जातो. झाडी तशीच ठेवली तर दुसरी अडचण. घुशी-खेकड्यांची बिळं आणि पाझर तिच्याआड दिसतच नाहीत. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला, तेव्हा उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरल्याचं कारण पुढे आलं होतं. त्यावर वादही झाला. पण भराव उघडा दिसला पाहिजे, हा मुद्दा वादाच्या पलीकडचा आहे.

म्हणून माती न उकरता वरची झाडी कापणारा, ट्रॅक्टरला बाजूने लांब हात असलेला कटर अनेकांना हवा असतो. तयार यंत्र महाग वाटतं, त्यामुळे गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे तो बनवून घ्यायचा विचार होतो. बनवता येतो. मात्र वेल्डिंगच्या आधी कागद-पेन्सिल हवी.

आधी उतार मोजा

मातीच्या कालव्याचा उतार बहुधा दीडास एक किंवा दोनास एक असतो. दीडास एक म्हणजे १ मीटर खाली जाताना दीड मीटर बाहेर. हा कोन साधारण ३४ अंशांचा होतो, दोनास एक असेल तर २६ ते २७ अंशांचा. या उतारावर ट्रॅक्टर उतरवायचा विचारही नको. ट्रॅक्टर वरच्या रस्त्यावरच राहणार, खाली जाणार तो फक्त हात.

मग हात किती लांब? समजा कालवा २ मीटर खोल, उतार दीडास एक. उताराची लांबी झाली ३.६ मीटर. ट्रॅक्टरचा मध्य कडेपासून १.७ मीटर आत आणि हाताचा सांधा जमिनीपासून १ मीटर उंच धरला, तर तळापर्यंत पोचायला साडेपाच मीटरहून जास्त लांबी लागते. ४ मीटरचा हात निम्म्याहून थोड्या अधिक उतारापर्यंतच जातो. आपल्याकडच्या ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरला ४ मीटरच झेपतो. तळाची पट्टी कोयत्यानेच काढावी लागेल, हे आधीच मान्य केलेलं बरं.

ट्रॅक्टर का उलटतो?

लांबीचा मोह इथे नडतो. ट्रॅक्टरचं वजन २००० किलो आणि मागचं चाक मध्यापासून पाऊण मीटरवर धरा. सपाटीवर ट्रॅक्टरला सावरणारा जोर २००० गुणिले ०.७५, म्हणजे १५०० इतका. आता १५० किलोचं कटर-डोकं मध्यापासून ४ मीटरवर आणि २०० किलोचा हात, त्याचा भार २ मीटरवर. दोन्ही अंतरं चाकापासून मोजली तर उलटवणारा जोर ७३७ च्या आसपास येतो. निम्माच आहे, म्हणजे झालं, असं वाटेल. पण रस्ता पाटाकडे १५ अंश कललेला असेल तर सावरणारा जोर १०३० च्या घरात घसरतो. त्यात पुढचा आस मधल्या खिळीवर डुलतो, म्हणून प्रत्यक्ष आधार याहूनही कमी. एक चाक खड्ड्यात गेलं किंवा कडेची माती खचली की उरलेली शिल्लक संपते.

उपाय साधे आहेत. मागच्या चाकांची रुंदी जास्तीत जास्त करावी. हाताच्या विरुद्ध बाजूच्या टायरमध्ये पाणी भरावं. तेलाची टाकीही त्याच बाजूला बसवावी. १२० लिटर तेलाचं वजन १०० किलोच्या वर जातं, ते आयतंच कामी येतं. हात फक्त थ्री पॉइंटवर लटकवू नये. आसाच्या घराला घट्ट धरणारी चौकट करावी, नाहीतर हात हलेल तसं सगळं मागचं अंग डुलत राहतं.

जोर कुठून आणायचा?

ट्रॅक्टरच्या स्वतःच्या हायड्रोलिकवर कटर फिरवायचा प्रयत्न हमखास फसतो. किलोवॅटमधली ताकद म्हणजे मिनिटाला येणारं तेल (लिटर) गुणिले दाब (बार) भागिले ६००. मिनिटाला ३० लिटर आणि १६० बार धरले तर फक्त ८ किलोवॅट, साधारण पावणेअकरा एचपी मिळते. गवताला ती पुरेल, पण बाभळीच्या फांदीला रोटर अडकणार.

त्यासाठी पीटीओवर वेगळा पंप लागतो. पीटीओचे ५४० फेरे तिप्पट करणारा गिअरबॉक्स लावला तर पंप १६२० फेऱ्यांनी फिरतो. एका फेऱ्याला ५० सीसी देणारा पंप मिनिटाला सुमारे ८० लिटर तेल देतो. १७० बारला ही ताकद कागदावर ३० एचपीच्या आसपास भरते. गळती-घर्षणात थोडी जाते, तरी काम भागतं. एवढं तेल तापणारच, म्हणून टाकी मोठी आणि कूलर हवाच. हात वर-खाली करणारे जॅक मात्र ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकवर चालतात.

जुन्या रोटाव्हेटरचा रोटर वापरू नये. तो मिनिटाला २०० च्या आसपास फेरे घेतो, माती फोडायला ठीक. झाडी कापते ती वेगाने. ४०० मिलिमीटर घेराचा व्यास आणि २००० फेरे असले की पात्याचं टोक ताशी सुमारे १५० किलोमीटरने जातं.

पाती आणि तोल

पाती रोटरला पक्की वेल्ड करू नयेत, शॅकलमध्ये लोंबती ठेवावीत. दगड लागला की पातं मागे झुकतं, रोटर वाचतो. कमानीच्या पाट्याची पाती बरेच जण करतात, पण पाणी चुकीचं दिलं तर ती काचेसारखी तडकतात. पाती समोरासमोर जोडीने आणि वजन करूनच लावावीत. २०० मिलिमीटरवर ५० ग्रॅमचा फरक राहिला, तर २००० फेऱ्यांना ४५ किलोच्या जवळपासचा झटका प्रत्येक फेऱ्यात बसतो. बेअरिंग आणि वेल्डिंग किती दिवस टिकेल, हे वेगळं सांगायला नको. एक पातं तुटलं की समोरचंही बदलायचं.

हाताच्या मुळाशी तुटणारा बोल्ट ठेवावा. साखळी दगडाला हात धडकला तर बोल्ट तुटून हात मागे वळला पाहिजे. तो वारंवार तुटतो म्हणून तिथे कडक बोल्ट घालणं म्हणजे पुढचा धक्का थेट ट्रॅक्टरला देणं.

जिवाशी खेळ नको

पीटीओ शाफ्ट सेकंदाला ९ वेळा फिरतो. उपरणं, पदर किंवा सैल बाही अडकली तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवर कव्हर नसेल तर यंत्र सुरूच करू नये. कटरच्या पुढे-मागे साखळ्यांचा किंवा जाड रबराचा पडदा हवा. त्यातूनही दगड उडतात, म्हणून माणसं आणि जनावरं लांब ठेवावीत. पीटीओ बंद केल्यावरही रोटर काही वेळ फिरतो. तो पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जाऊ नये. होजची गळती हाताने चाचपू नये. बारीक छिद्रातलं तेल कातडीत घुसतं. पुठ्ठा धरून पाहावं.

पाटावर आणखी एक धोका लपलेला असतो. उपसा मोटारींच्या केबल आणि पीव्हीसी पाइप झाडीत दिसत नाहीत. काम सुरू करण्याआधी एक माणूस पायी फिरवून खुणा कराव्यात, त्या पट्ट्यातली वीज बंद ठेवावी. वर तारा असतील तिथे हात उचलू नये.

पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीची कड वरून कोरडी आणि आतून ओली असते. अशा वेळी ट्रॅक्टर पाटावर नेऊच नये. गाजरगवत फुलण्याआधी आणि कड वाळल्यावर, या दोन्हींच्या मधले दिवस कापणीला सोयीचे. वेडी बाभूळ मात्र बुंध्यातून पुन्हा फुटते, त्यामुळे एकदा कापून सुटका नाही, दरवर्षी फेरी मारावीच लागते.

कालवा जलसंपदा विभागाचा असतो. शाखा कार्यालयाची लेखी परवानगी घेऊनच यंत्र उतरवावं. एकट्या शेतकऱ्याला हा खर्च परवडणारा नाही. पाणी वापर संस्थेने सामाईक कटर केला, चालवायला एकच सरावलेला माणूस ठेवला आणि आवर्तनाआधीचे दिवस वाटून घेतले, तर टेलपर्यंत पाणी वेळेत पोचायला मदत होईल. त्याची सुरुवात वर्कशॉपमधून नाही, टेप घेऊन आपल्या पाटाचा उतार आणि रस्त्याची रुंदी मोजण्यापासून करायची.