केकच्या पोटातले खांब

तुळशीची लग्नं लागली की आमच्या किनाऱ्यावर वऱ्हाडं उतरायला लागतात. काशीद ते मुरुड या पट्ट्यातल्या रिसॉर्टांत आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांत मांडव पडतात. सकाळी अक्षता, संध्याकाळी स्वागतसमारंभ, आणि तिथे मधोमध तीन मजली चौकोनी केक. पूर्वी रुखवताच्या टेबलाभोवती बायकांची गर्दी व्हायची, तशी आता याच्याभोवती होते. रुखवतात लाडवांचे मनोरे रचणाऱ्या बायका लाडू डब्यातून नेत आणि मनोरा कार्यालयात रचत. मी अलिबागेत केक करून मुरुडला पोचवते. सुटं न्यायचं आणि तिथे जाऊन रचायचं, ही साधी गोष्ट मला मात्र एक केक गमावून कळली.

पहिल्याच हंगामात तिन्ही मजले घरी रचून निघाले होते. चौल, रेवदंडा, कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल, कोर्लई, सगळं नीट पार पडलं. पुढे एका गतिरोधकावर गाडी आदळली. मागचं दार उघडलं तेव्हा मधला मजला बोटभर सरकला होता आणि खालच्या मजल्याच्या कोपऱ्यावर केसासारखी बारीक चीर गेली होती. मुरुडला पोचेपर्यंत त्या चिरेतून आतला स्पंज दिसू लागला. खांब होते, पण मधला लांब दांडा मी घातलाच नव्हता.

केकवर केक उभा राहतो असं बघणाऱ्याला वाटतं. तसं नसतं. १२, ९ आणि ६ इंचांचे, प्रत्येकी ४ इंच उंचीचे तीन चौकोनी मजले धरा. वरच्या दोघांचं मिळून घनफळ खालच्याच्या ८० टक्क्यांवर जातं. शिवाय त्याच मापाच्या गोल केकपेक्षा चौकोनी केकमध्ये सुमारे २७ टक्के ऐवज जास्त असतो. हा सगळा भार मऊ स्पंजवर टाकला तर तो तासाभरात बसतो, बाजू फुगतात आणि क्रीम बाहेर येतं. म्हणून घर बांधतात तसंच इथे बांधायचं. प्रत्येक मजल्याखाली त्याच मापाचा केक बोर्ड, म्हणजे स्लॅब. खालच्या मजल्यात उभे रोवलेले डॉवेल, म्हणजे खांब. वरचं वजन बोर्डावरून खांबांत आणि खांबांतून तळच्या जाड फळीत उतरतं. स्पंजला फक्त स्वतःला सांभाळायचं असतं.

९ इंची मजल्याखाली मी चार कोपऱ्यांना इंचभर आत एकेक आणि चारही बाजूंच्या मध्यावर एकेक, असे आठ खांब घालते. खांब लाकडी असोत की प्लास्टिकच्या नळीचे, उंची सगळ्यांची तंतोतंत सारखी हवी. एकच खांब दोन मिलिमीटर उंच राहिला तर अख्खा मजला त्याच्यावर डुगडुगतो. एक खांब तळाला टेकेपर्यंत घालायचा, केकच्या पृष्ठभागाशी खूण करायची, बाहेर काढायचा आणि बाकीचे त्याच मापाने कापायचे. मधला लांब दांडा वजन पेलत नाही. तो सगळ्या बोर्डांच्या भोकांतून तळापर्यंत जातो आणि मजल्यांना आडवं सरकू देत नाही. बोर्डांना भोकं आधीच पाडून ठेवावी लागतात, ऐनवेळी केकसकट पाडता येत नाहीत.

इंग्लंडातल्या जुन्या केकना हे खांब लपवायची गरज नव्हती. राणी व्हिक्टोरियाच्या १८४० सालच्या लग्नातला केक सुमारे ३०० पौंडांचा होता, पण उंची अवघी १४ इंच. तो बसकाच होता. १९४७ साली एलिझाबेथच्या लग्नातला चार मजली केक ९ फूट उंच आणि ५०० पौंडांचा. सुक्या मेव्याचा घट्ट केक आणि त्यावर दगडासारखं वाळलेलं रॉयल आयसिंग, अशा जुन्या पद्धतीच्या केकवर उघडे खांब निभावतात. आपल्याकडे पाहुण्यांना हलका, ताजा, क्रीमचा केक हवा असतो, म्हणून आपले खांब पोटात. रॉयल आयसिंगची ताकद बघायची असेल तर पुण्याच्या प्राची धबल देब यांनी त्यातून साकारलेली मिलानच्या कॅथेड्रलची १०० किलोंची प्रतिकृती जरूर पाहावी. सुटे भाग घडवून ते जोडत नेण्याची ती कमाल आहे.

चौकोनी केकचं दुखणं कोपऱ्यात असतं. गोल केक किंचित फिरला तरी कुणाला कळत नाही. चौकोनी केक जरा तिरका बसला की लांबूनही खुपतो. खोक्याला आधी लागतो कोपरा आणि फॉन्डंट, म्हणजे वरचं साखरेचं आवरण, ताणलं जाऊन फाटतं तेही तिथेच. आत चॉकलेट-क्रीमचं गनाश घट्ट असेल तरच कोपरा धारदार राहतो. किनाऱ्यावर पांढऱ्या चॉकलेटचं प्रमाण तीन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम असं ठेवते, त्याहून सैल चालत नाही. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि उन्हात उभी केलेली गाडी त्याच्या कितीतरी पुढे जाते. निघण्याआधी अर्धा तास एसी लावून गाडी गार करून घ्यायची.

दमट हवेचा त्रास वेगळा. फ्रिजमधून काढलेला केक लगेच उघडा ठेवला की समुद्रावरच्या हवेतली वाफ त्याच्यावर धरते आणि फॉन्डंटला घाम फुटतो. तो पुसायला गेलं की डाग पडतात. केक बंद खोक्यातच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, म्हणजे पाणी खोक्यावर धरतं.

आता माझे तिन्ही मजले तीन खोक्यांतून जातात. खांब घरी घातलेले असतात, रचायचं मुरुडला. खोकी सीटवर ठेवत नाही, कारण सीट उतरती असते. गाडीच्या सपाट तळावर रबरी जाळी अंथरून त्यावर ठेवते. मुंबईहून कुणी केक आणणार असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट येणारी रो-रो बोट आहे, २०२० साली सुरू झालेली. वडखळच्या वाटेवरचे धक्के तेवढे वाचतात. अलिबागपासून पुढचे ५० किलोमीटर मात्र वळणांचेच, आणि ते हळूच कापायचे.

रचण्याआधी टेबलावर गवंड्याची पातळी ठेवून बघते. एकदा वाळूत उभ्या केलेल्या घडीच्या टेबलाचे दोन पाय केक ठेवताच रुतले होते. पायांखाली प्लायवूडची फळी टाकली की तो प्रश्न मिटतो. भर दुपारी उघड्या लॉनवर केक मांडायचाच असेल तर वरचे मजले थर्माकोलचे करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. यजमानांना तसं सांगून केलं तर त्यात फसवणूक नाही. कापायला खालचा मजला खराच असतो, आणि पाहुण्यांना पुरेल एवढा जादा केक आत कापून तयार ठेवता येतो.

यंदा घरात लग्न असेल आणि केक किनाऱ्यावर मागवणार असाल तर करणाऱ्याला तीन गोष्टी द्या: न डुगडुगणारं टेबल, सावलीतली किंवा एसीची जागा, आणि पाहुणे येण्याआधीचा दीड तास.