घरच्या चित्रतबकडीला कुलूप कसलें?

कल्याणच्या पुढचें, सेंचुरी रेयॉनचा कारखाना आणि बिर्लांचें विठ्ठलमंदिर यांमुळें अनेकांस परिचित असलेलें शहाड हें आमचें गांव. लागूनच उल्हासनगर. तेथील मालावर ‘मेड इन यू. एस. ए.’ असा शिक्का असला, तर त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा घ्यावा, ही थट्टा इकडे फार जुनी आहे; तींत निर्वासितांच्या उद्यमाचें कौतुकहि असतें. आम्हीहि ती ऐकून हंसत असूं. परंतु एके दिवशीं नक्कल आमच्याच उंबरठ्याशीं येऊन उभी राहिली, तेव्हां हंसूं मावळलें.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं आमच्या आत्याबाईंनीं मंगळागौरीचे खेळ शिकविणारी एक चित्रतबकडी, घरोघरच्या भाषेंत डी. व्ही. डी., तयार करविली. दिवाणखाना मोकळा करून सुनांनीं फुगडी, झिम्मा, पिंगा यांचे फेर धरले आणि पुतण्यानें कॅमेरा धरला. पन्नास तबकड्या निघाल्या. त्या महिला मंडळांत खर्चापुरत्या किंमतीस दिल्या. पुढच्याच श्रावणांत एका दुकानांत तीच तबकडी निराळ्या वेष्टनांत, निराळ्या नांवानें दिसली. आत्याबाई एवढेंच म्हणाल्या, “पैशाचं काही नाही रे, पण माझं नाव खरवडलंन् कुणीतरी!”

अशा तबकडीला कुलूप घालतां येईल काय, असा प्रश्न तेव्हां घरांत निघाला. चित्रपटांच्या विकत मिळणाऱ्या तबकड्यांस १९९६ सालापासून एक सांकेतिक कुलूप असे. त्याची किल्ली तबकडीच्या एका ठराविक भागांत कारखान्यांतच उमटविलेली असते. बाजारांतील सर्वसाधारण कोऱ्या तबकडीचा नेमका तोच भाग आधींच निकामी करून ठेवलेला असतो. तेव्हां तें कुलूप आपणांस घरीं लावतांच येत नाहीं. आणि लावतां आलें असतें तरी काय? १९९९ सालीं योन योहान्सेन या नॉर्वेंतील किशोरवयीन मुलाचा हात असलेल्या एका छोट्याशा प्रोग्रॅमनें तें उघडलें. त्याच्यावर खटला झाला, पण २००३ सालीं तो निर्दोष सुटला. दुसरे कांहीं उपाय तबकडींत मुद्दाम दोष ठेवून देतात. त्यांनीं चोर अडो न अडो, माहेरवाशिणीचें जुनें यंत्र मात्र हटकून अडतें. शिवाय जें पडद्यावर आपणांस दिसतें, तें समोर ठेवलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यासहि दिसतेंच! मोझर बेअर कंपनीनें २००७ सालीं चित्रपटांच्या तबकड्या २८ आणि ३४ रुपयांस विकावयास काढल्या, त्या नकलेशीं किंमतीनेंच झुंजावें म्हणून.

ही व्यथा आजची नव्हे. फ्रान्समधील मेलिएस यांच्या १९०२ सालच्या चंद्रावरील सफरीच्या चित्रपटाच्या नकला अमेरिकेंत खपल्या आणि लाभ दुसऱ्यांनींच उठविला. त्या काळच्या चित्रपटकारांनीं मग एक साधी युक्ति केली: आपली निशाणी वेष्टनावर न ठेवतां चित्राच्या आंत, नेपथ्यावरच लावावयाची. पाथे कंपनीचा कोंबडा अशा जुन्या चित्रांत भिंतीवर बसलेला दिसतो. वेष्टन फाडतां येतें. चित्रांतली भिंत कशी फाडणार?

कायदाहि आपल्या बाजूस आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वयें हक्क मिळण्यास नोंदणी करावी लागत नाहीं. लग्नमुंजीचें चित्रण मोबदला देऊन करविलें, तर निराळा करार नसल्यास पहिला हक्क करविणाऱ्याचाच. २०१२ च्या दुरुस्तीनें कर्त्याच्या नांवाची वा मालकीची खूण जाणूनबुजून काढून टाकणें हा स्वतंत्र गुन्हा ठरला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. आत्याबाईंचें दुःख कायद्यासहि उमगलें म्हणावयाचें! मात्र आपल्या चित्रणाखालीं सिनेमाचें गाणें विनापरवाना चिकटविलें असेल, तर दुसऱ्यास चोर म्हणण्यापूर्वीं आपण आरशांत पाहावें. मंगळागौरीचीं गाणीं कुणा एकाचीं नव्हेत. आत्याबाईंचें होतें तें शिकविणें आणि तो आवाज.

म्हणून वाचकांस आमचें सांगणें असें. आतां तबकडीची जागा बहुतेक घरीं मोबाइलनें घेतली असली, तरी गोष्ट तीच आहे. शिकविणाऱ्या व्यक्तीनें आरंभींच स्वतःच्या तोंडानें आपलें नांव, गांव आणि साल सांगावें. चित्राच्या कोपऱ्यांत नांव सतत असूं द्यावें. ज्यास प्रत देऊं त्याचें नांवहि त्या प्रतींत घालावें. मूळ चित्रण तारीखवार जपावें. आणि जें घराबाहेर जाऊं नये असें वाटतें, त्याची प्रत कुणासहि देऊंच नये. त्याहून पक्कें कुलूप नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं आत्याबाई गेल्या. तेराव्यानंतर त्यांची तबकडी लावूं गेलों, तों ती चालेना. घरीं भरलेल्या तबकडींतील मजकूर एका रंगद्रव्याच्या थरांत असतो. उष्णता, ऊन आणि दमट हवा यांनीं तो थर विटतो. मूळ टेपांवर तर आम्हीच पुढें कुणाचें बारसें चित्रित केलें होतें. नातेवाइकांकडे शोध केला, तेव्हां नाशिकच्या भाचीकडे एक तबकडी निघाली, आणि ती सुरळीत चालली. ती त्या दुकानांतलीच होती. घरांतलीं सारीं माणसें समोर बसून आत्याबाईंचा आवाज ऐकत होतीं. चोराला दूषण देण्याचें त्या वेळीं कुणासच सुचलें नाहीं.

त्या नकलेवरून आम्हीं आतां पांच प्रती केल्या आहेत आणि पांच घरीं ठेविल्या आहेत. प्रत्येकीच्या आरंभीं आत्याबाईंचें नांव घातलें आहे.