चेहऱ्याची लाली आणि रुग्णाची नोंद

समर्थ रामदासस्वामींचे जन्मस्थान असलेले जांब समर्थ हे जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याचे गाव. मराठवाड्याच्या या भागात उन्हाळा कडक असतो. कोणाचे गाल वारंवार तापून लाल होऊ लागले, तर ‘ऊन बाधले’ किंवा ‘पित्त उठले’ असे म्हणून विषय संपतो. पुढे पुटकुळ्या आल्या की मुरुम समजून दुकानातून एखादे मलम आणले जाते. प्रत्यक्षात तो ‘रोझेशिया’ हा त्वचाविकार असू शकतो.

हा विकार संसर्गजन्य नाही. तो बहुधा तिशीनंतर दिसतो आणि काहींच्या डोळ्यांचीही आग होते. समूळ गेला नाही, तरी योग्य उपचारांनी आटोक्यात राहतो. मात्र त्याची वर्णने प्रामुख्याने गोऱ्या त्वचेवरून लिहिली गेली. सावळ्या वर्णावर लाली लपते. दाह, टोचणी आणि उष्णता रुग्णालाच जाणवते. म्हणूनच येथील रुग्णांनी संशोधनात सहभागी होणे अगत्याचे आहे. आपली नोंदच नसेल, तर आपला आजार ओळखला तरी कसा जाणार?

अशा सहभागातून काय साधते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. चेहऱ्याचे त्वचाविकार असलेल्या 2926 रुग्णांची तपासणी करून 2011 साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइडयुक्त मलम लावत असल्याचे आढळले. अशा मलमाने आरंभी आराम वाटतो. दीर्घ वापराने त्वचा पातळ होते आणि रोझेशियासारखीच लाली उमटते. 2018 मध्ये शासनाने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. आपल्या समाजातील औषधविक्रेत्यांनी हा नियम कटाक्षाने पाळावा.

संशोधनात रुग्णाकडून बहुधा नियमित नोंदींची अपेक्षा असते. रोजकीर्द लिहिणाऱ्या घराण्यांना ती सवय नवी नाही. ऊन, चुलीची धग, तिखट, मानसिक ताण यांपैकी कशाने चेहरा पेटला, ते तारखेनिशी लिहावे. गरम पेयांत उष्णतेचाच त्रास अधिक होतो. तेव्हा उकाळलेले पाणी पिणाऱ्यांनी ते निववून घ्यावे.

सही करण्यापूर्वी मात्र संमतीपत्र मातृभाषेत समजून घ्यावे. 2019 च्या नियमांनुसार औषधचाचणीस नीतिसमितीची मान्यता लागते आणि त्या समितीत किमान सात सदस्य असतात. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे. कोणत्याही टप्प्यावर कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चाचणीची नोंद 2007 साली सुरू झालेल्या भारतीय चाचणी नोंदवहीत कोणालाही विनामूल्य पाहता येते.

घरातील उपवर मुलीच्या चेहऱ्याची छायाचित्रे घेतली जातील, ही भीती अनेक आईवडिलांना सहभागापासून दूर ठेवते. ती अनाठायी नाही. छायाचित्रे कोण पाहणार, कोठे ठेवणार, छापणार काय, हे स्पष्ट विचारावे. मान्य नसेल तर नकार द्यावा. परंतु निर्णय त्या मुलीचा असावा आणि तो घेण्याआधी तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे अवश्य न्यावे.