पन्नास गुणांचा उंबरठा



परीक्षांचे निकाल लागले कीं घरोघरीं एकच प्रश्न विचारला जातो, "मुलगा पास झाला ना?" उत्तर 'होय' असें मिळालें म्हणजे पेढे येतात आणि विषय संपतो. या 'होय'च्या पोटांत काय असतें आणि काय नसतें, याविषयीं आज मला आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. उदाहरण घेतों तें औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाचें. बारावीनंतर पुष्कळ मुलें-मुली हल्लीं तिकडे वळतात. दोन वर्षांची पदविका घ्यावयाची आणि मग पदवीच्या एकदम दुसऱ्या वर्षांत जावयाचें, अशी एक जवळची वाट त्या शिक्षणांत आहे. पदवीचीं चार वर्षें त्यामुळें तिहींत पुरीं होतात. वाट जवळची खरी, पण तिच्या तोंडाशीं उंबरठा उंच आहे, आणि ठेंच लागते ती तेथेंच.

मी स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलेला नाहीं. भंडारा जिल्ह्यांतील एकोडी या गांवीं मुलांना शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. औषधांचें रसायनशास्त्र मला येत नाहीं; परंतु मुलगा नापास कसा होतो, हें मला चांगलें कळतें. कांहीं वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी गुणपत्रिका घेऊन माझ्या ओसरीवर येऊन बसला. पदविका त्यानें पहिल्याच प्रयत्नांत मिळविली होती. नागपुरास पदवीच्या दुसऱ्या वर्षांत त्याला प्रवेश मिळाला होता, आणि वडिलांनीं धान विकून त्याच्या राहण्या-जेवण्याचे पैसे भरले होते. पहिल्याच सहामाही परीक्षेंत चार लेखी विषयांपैकीं तिहींत तो राहिला. गुण होते ४६, ४४ आणि ४१. "गुरुजी," तो म्हणाला, "एवढ्याच गुणांवर पदविकेला मी पास होत होतों."

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. औषध देणाऱ्या माणसाच्या शिक्षणाला आपल्या देशांत कायद्याचा आधार मिळाला तो १९४८ च्या फार्मसी कायद्यानें. तत्पूर्वीं काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत १९३२ सालीं महादेव लाल श्रॉफ यांनीं या विषयाचें शिक्षण सुरू केलें होतें. परंतु बहुतेक दवाखान्यांतून औषध बांधून देई तो डॉक्टरच्या हाताखालीं पाहून पाहून शिकलेला कंपाउंडरच. कायद्यानें स्थापन झालेल्या फार्मसी कौन्सिलनें पुढें निरनिराळ्या अभ्यासक्रमांचे नियम घालून दिले. पदविकेच्या नियमांत उत्तीर्ण होण्यास शेंकडा ४० गुण पुरतात. लेखी आणि प्रात्यक्षिक यांत ते वेगवेगळे मिळवावे लागतात इतकेंच. पदवीच्या २०१४ च्या नियमांत मात्र प्रत्येक विषयांत शेंकडा ५० पाहिजेत. म्हणजे मुलगा तोच, त्याची अभ्यासाची संवय तीच, पण दार बदलतांच उंबरठा दहा गुणांनीं वर गेलेला असतो. जे पदविकेवरच थांबतात त्यांच्यासाठींहि २०२२ च्या नियमांनीं एक निर्गम परीक्षा ठरविण्यांत आली. तिच्या तीन प्रश्नपत्रिका असून प्रत्येकींत शेंकडा ५० गुण, आणि तेहि एकाच वेळीं, मिळवावयाचे आहेत.

दहा गुणांचा हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे, कारण त्याच्या जोडीला दुसरी एक उणीव असते. पदविकाधारकाला पदवीच्या पहिल्या वर्षाचे ५२ श्रेयांक आपोआप मिळतात. संभाषणकौशल्य आणि संगणकाचा उपयोग हे दोन विषय तेवढे त्याला जास्तीचे करावे लागतात. कागदोपत्रीं पहिलें वर्ष असें भरून निघतें, पण डोक्यांत तें भरून निघतेंच असें नाहीं. तिसऱ्या सहामाहींत सेंद्रिय रसायनाचा दुसरा भाग समोर येतो. त्याचा पहिला भाग इतर मुलांनीं वर्गांत शिकलेला असतो. या मुलानें त्याची तोंडओळखच काय ती पदविकेंत करून घेतलेली असते. त्यांतच प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या म्हणजे तो वर्गांत पोंचेपर्यंत शिकवणें बरेंच पुढें गेलेलें असतें. आमच्याकडे धानाचे पऱ्हे उपटून बांधींत लावतात, त्याला रोवणी म्हणतात. रोवणी उशिरां झाली तर पीक येतच नाहीं असें नाहीं. पण पहिले कांहीं दिवस त्या बांधीकडे जास्त लक्ष द्यावें लागतें. या मुलांकडे तेवढें लक्ष कोणी देत नाहीं, आणि तीं स्वतःहि देत नाहींत.

मीं त्या मुलाची गुणपत्रिका हातांत घेऊन साधा हिशेब मांडला. लेखी विषयाच्या १०० गुणांपैकीं ७५ गुण शेवटच्या तीन तासांच्या परीक्षेचे असतात. उरलेल्या २५ पैकीं १५ गुण सहामाहींतील दोन चांचण्यांच्या सरासरीचे, आणि १० हजेरीचे व वर्गांतील कामाचे. ज्याचे या २५ पैकीं २० गुण आधींच जमले आहेत, त्याला शेवटच्या परीक्षेंत ७५ पैकीं ३०, म्हणजे शेंकडा ४० पुरतात. ज्याचे ८ च जमले आहेत, त्याला ४२, म्हणजे शेंकडा ५६ लागतात. माझ्या विद्यार्थ्याचे हे अंतर्गत गुण होते १०, ९ आणि ८. शेवटच्या परीक्षेंत त्यानें ३६, ३५ आणि ३३ मिळविले होते. तिन्ही ठिकाणीं अंतर्गत गुण २० असते, तर तो तिन्ही विषयांत पार झाला असता. परीक्षेच्या दिवसांत त्यानें रात्री जागून काढल्या होत्या. पण ज्या आठवड्यांत पहिली चांचणी झाली, त्या आठवड्यांत 'अजून वेळ आहे' असें म्हणून तो स्वस्थ होता. तो नापास झाला तो डिसेंबरांत नव्हे, त्याच्या कितीतरी आधीं.

याहूनहि उंच उंबरठे जगांत आहेत. अमेरिकेंत नेवाडा राज्यांत रोझमन नांवाचें विद्यापीठ आहे. औषधशास्त्राची जी पदवी तेथें इतरत्र बहुधा चार वर्षांची, ती हें विद्यापीठ तीन वर्षांत देतें, आणि उत्तीर्ण होण्यास शेंकडा ९० गुण मागतें! ऐकून छाती दडपते. परंतु रीत समजून घेतली म्हणजे भीति कमी होते. तेथें एका वेळीं बहुधा एकच विषय चालतो. थोडा भाग शिकवावयाचा, लगेच त्याची परीक्षा घ्यावयाची, आणि जो कमी पडेल त्याची उणीव भरून काढून पुन्हां परीक्षा घ्यावयाची. बेंजामिन ब्लूम या शिक्षणशास्त्रज्ञानें १९६८ सालीं अशाच विचाराचा पुरस्कार केला होता. पुरेसा वेळ दिला आणि चूक वेळीं दुरुस्त केली, तर बहुतेक विद्यार्थी पूर्ण प्रावीण्याला पोंचतात, असें त्याचें प्रतिपादन होतें. उंच उंबरठा एका उडींत ओलांडावयाचा नसतो. त्याला पायऱ्या बांधावयाच्या असतात.

आपल्या मुलांनीं या पायऱ्या कशा बांधाव्या? पदविकेचा निकाल आणि पदवीचा प्रवेश यांमध्यें जे दिवस मिळतात, त्यांत पहिल्या वर्षाचें सेंद्रिय रसायन एकदां नीट वाचून काढावें. पहिली चांचणी हीच खरी परीक्षा असें समजावें. ती बिघडलीच तर चांचणीचे गुण सुधारण्याची एक संधि नियमांतच दिलेली आहे, तिचा उपयोग करावा. राहिलेले विषय पुढें ढकलतां येतात, पण कांहीं मर्यादेपर्यंतच. थेट दुसऱ्या वर्षांत आलेल्या विद्यार्थ्याला तिसऱ्या व चौथ्या सहामाहीचे सर्व विषय सुटल्याखेरीज सातव्या सहामाहीच्या वर्गांत बसतां येत नाहीं. पुढें ढकललेला विषय सावकाराच्या कर्जासारखा असतो. वाचलेलें वर्ष तो व्याजासह परत घेतो.

कोणी विचारील, एवढा अट्टाहास कशासाठीं? मेथोट्रेक्सेट नांवाचें औषध संधिवाताच्या रोग्याला आठवड्यांतून एकदां दिलें जातें. तेंच चुकून रोज घेतलें गेलें तर प्राणावर बेततें. चिठ्ठी वाचून 'हें रोज नव्हे' असें रोग्याला बजावणारा शेवटचा माणूस म्हणजे औषधाच्या दुकानांतील फार्मासिस्ट. त्याला शेंकडा किती गुण मिळाले होते हें रोगी विचारीत नाहीं. तो त्याच्याकडून शंभर गुण गृहीत धरून चाललेला असतो.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. परीक्षेच्या आधीं 'हमखास' प्रश्न काढून देण्यांत माझा हातखंडा होता, आणि शाळेच्या निकालाचा मला अभिमान वाटे. थोडें पाठ करून पास होण्याची विद्या त्या मुलाला प्रथम मींच शिकविली होती. त्या दिवशीं ओसरीवर मला त्याची लाज वाटली. मीं त्याला सांगितलें, "गांवांत आहेस तोंवर रोज संध्याकाळीं ये. मला रसायन येत नाहीं. तूं मला समजेपर्यंत सांग." तो सांगे, मी 'कां?' म्हणून विचारीं. जेथें तो अडखळे तेथें पुस्तकांत पेन्सिलीनें खूण होई, आणि दुसऱ्या दिवशीं तेथूनच आरंभ. पुढील उन्हाळ्यांत त्याचे दोन विषय सुटले. तिसरा सुटावयास आणखी एक परीक्षा जावी लागली.

तेव्हां पालकांना माझी विनंति एवढीच आहे कीं, निकालाच्या दिवशीं "पास झालास ना?" हें अवश्य विचारा; पण सहामाही चालू असतांना एखाद्या संध्याकाळीं त्याला जवळ बसवून "आज काय शिकलास तें मला समजावून सांग" असेंहि म्हणा. आपल्याला तो विषय येत नसला तरी हरकत नाहीं. मुलाला तो येतो कीं नाहीं, हें त्याला स्वतःला त्या वेळीं कळेल, आणि ओढ भरून काढण्यास वेळहि हातांत असेल.